लेव्हल न विचारणारा रेकॉर्डर: चौदा महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव या परीक्षणात येणार नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने त्यांच्याशी माझं जरा वाजलंय, आणि नाव घेऊन तक्रार केली की पुढे काय येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. रेडिओ आणि टीव्हीच्या शोधपत्रकारितेत तीसेक वर्षं काढली, वकिलांच्या नोटिसांची एक जाडजूड फाइल भरली. आता कामाच्या शेवटच्या टप्प्यात एका रेकॉर्डरपायी तिच्यात भर नको. तसंही यंत्र ओळखायला नाव लागत नाही. मुठीत मावणारा, वर एकमेकांवर तिरके रोखलेले दोन माइक, रिमोटमध्ये असतात तसले दोन बारीक सेल, नखाएवढं कार्ड आणि खोक्यावर ठळक अक्षरांत '32 बिट फ्लोट'. या वर्गातली यंत्रं आता बरीच आहेत, आणि खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडेल.

मी 1996 साली शिकाऊ म्हणून लागले तेव्हा पाव इंची टेप अजून ब्लेडने कापली जायची. टेपवर पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेत धरून तिरका काप घ्यायचा, चिकटपट्टी लावायची. बाहेर न्यायला खांद्यावर अडकवायचा रेकॉर्डर होता आणि त्याच्या तोंडावर एक काटा. मुलाखत घ्यायची म्हणजे एक डोळा माणसावर आणि एक डोळा काट्यावर. काटा लाल पट्ट्यात गेला की आवाज फाटला, अगदीच खाली पडून राहिला की खरखर वर आली. आमचे ज्येष्ठ निर्माते म्हणायचे, "तो काय बोलतो ते नंतर टेप सांगेल, तू आत्ता काटा सांभाळ." ऐकायला उफराटा वाटतो, पण त्या सल्ल्यानेच माझे कान घडले. काटा सांभाळायचा तर हेडफोन लागायचे, आणि हेडफोन लावले की माणसाच्या बोलण्याखालचंही ऐकू यायचं: श्वास, खुर्ची, बाजूच्या खोलीतली पावलं.

या नव्या यंत्राला काटाच नाही. लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात टिपायचा ते, लावायचं चाकही नाही. बटण दाबलं की काम सुरू. गणित असं की 24 बिटच्या फाइलमध्ये सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण 144 डेसिबलचं अंतर मावतं. 32 बिट फ्लोटमध्ये, म्हणजे सरकत्या दशांशचिन्हाने आकडे लिहिण्याच्या पद्धतीत, कागदावर तेच अंतर 1,500 डेसिबलच्या पुढे जातं. एवढा आवाज पृथ्वीवर होत नाही, तेव्हा तो आकडा खोक्यावर छापण्यापुरताच. खरी करामत वेगळी आहे. अशा बहुतेक यंत्रांत एकाच माइकमागे दोन कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारे भाग) असतात, एक कुजबुजीकडे लक्ष ठेवतो, दुसरा आरडाओरड्याकडे, आणि दोघांचं मिळून एकच रेकॉर्डिंग तयार होतं. एडिटला बसल्यावर फाटल्यासारखा दिसणारा आवाज खाली ओढला की आत शाबूत सापडतो.

याचा प्रत्यय पहिल्याच महिन्यात आला. एका संस्थेच्या हिशेबाची बातमी होती. ज्याच्यावर आक्षेप होते त्याला आम्ही तीन पत्रं पाठवली होती, प्रश्न लेखी दिले होते, उत्तराला मुदत दिली होती. एकाचंही उत्तर आलं नाही म्हणून दारात गाठायचं ठरलं. (दारात गाठणं हा पडद्यावर मर्दुमकीचा प्रकार दिसत असला तरी खऱ्या कामात तो शेवटचा उपाय असतो. आधीची पत्रं नसतील तर वकील ते फुटेज दाखवूच देत नाहीत.) दार उघडलं ते साखळीएवढंच. फटीतून तो इतक्या हळू बोलला की काय म्हणाला याचा मलाच पत्ता लागेना, आणि मग त्याने दार असं आदळलं की कॅमेरामनच्या हातातला कॅमेरा हलला. जुन्या यंत्रावर यातलं एकच हाती लागलं असतं. इथे दोन्ही मिळालं. आदळलेल्या आवाजाला मी अठरा डेसिबल खाली ओढलं, आणि त्याच्या मागे लाकडावर घासत झुलणारी साखळी तीन-चार सेकंद स्पष्ट ऐकू आली. बातमीत ती तशीच ठेवली. निवेदनाची दोन वाक्यं कमी झाली.

तर आवाजाच्या पकडीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. खोलीत बसून, हातभर अंतरावरून, दोन माणसांचं बोलणं घ्यायला एवढ्याशा यंत्राने जे काम केलंय ते पाहून मी थक्क आहे. यंत्राची स्वतःची सूंऽ जवळजवळ नाही. पण जाहिरातीत जे अर्धवट सांगतात ते पूर्ण करते. फ्लोट वाचवतो तो फक्त कन्व्हर्टरच्या पुढचा घोटाळा. माइकचा पडदाच दबला, वाऱ्याने फडफडला, यंत्र धरलेलं बोट सरकलं, तर फ्लोट तो गोंगाट अतिशय इमानदारीने आणि अतिशय उच्च दर्जात टिपतो. केसाळ टोपी चढवल्याशिवाय हे उघड्यावर काढूच नका. हातात धरूनही वापरू नका; अंग प्लास्टिकचं आहे, अंगठा हलला तरी ढोल वाजल्यासारखं होतं. खाली स्टँडसाठी आटे आहेत, टेबलावरचं छोटं तिपाई स्टँड लावा. स्टँड नसेल तर दुमडलेल्या रुमालावर ठेवा. टेबलाची थरथर त्यात जिरते.

आता माझी चूक, कारण ती या यंत्राच्या गुणातूनच निघाली. एक बाई पाच महिन्यांनी बोलायला तयार झाल्या होत्या. या धंद्यात पाच महिने म्हणजे फार नाहीत; कागद जुळवायला, दुसरा साक्षीदार शोधायला, पहिल्याला धीर द्यायला एकेका बातमीत वर्ष निघून जातं आणि बाहेरच्यांना वाटतं या काही करतच नाहीत. तर त्या आल्या, कॉलर माइक लावला, त्याची वायर रेकॉर्डरला जोडली. हेडफोन बॅगेत होते. काढले नाहीत. लेव्हल बघायची नाही तर हेडफोन कशाला, असा हिशेब मनातल्या मनात कधी झाला ते कळलंही नाही. शिवाय कानावर ती बोंडं नसली की समोरचा माणूस मोकळा बोलतो, असंही मी स्वतःला समजावलं. बावन्न मिनिटं त्या बोलल्या. त्यांच्या गळ्यात बारीक मण्यांची माळ होती, आणि प्रत्येक श्वासाला ती माइकच्या जाळीवर घासत होती. एकही शब्द फाटला नव्हता. एकही शब्द वापरता येण्यासारखा नव्हता. पुन्हा बसायला त्या तयार झाल्या नाहीत, आणि मी आग्रहही धरला नाही. बातमी गेली, पण त्यांचे शब्द निवेदकाच्या तोंडून.

शिकाऊ असताना पाच सेकंदांत हात वर करून "माळ जरा बाजूला घेता का" म्हणाले असते. काटा असता तर हेडफोन असते. म्हणून या यंत्राचा गुण आणि दोष मी वेगळे मांडू शकत नाही.

उलट बाजूही आहे, हे यंत्र गरजेपेक्षा जास्त ऐकतं. ओळख लपवून बोलणाऱ्या एकाची मुलाखत त्याच्या नातलगाकडे घेतली. शेवटी नेहमीप्रमाणे रूम टोन घेतला. माहीत नसलेल्यांसाठी: सगळ्यांना गप्प बसवून खोलीची नुसती शांतता मिनिटभर टिपायची, म्हणजे एडिट करताना दोन तुकड्यांच्या मधे ती भरता येते, नाहीतर जोड कानाला लागतो. घरी आल्यावर मुलाखत चांगली वाटली. एडिटमधल्या मुलाने मात्र दुसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि हेडफोन माझ्या हातात दिले. त्या घरात कुठेतरी आत, दोन भिंतींपलीकडे, पाव-पाव तासाला ठोके देणारं जुनं घड्याळ होतं. त्याचा तिसरा ठोका अर्धवट पडायचा, जणू गिळायचं ते. तिथे बसलेली असताना मला ते ऐकूच आलं नव्हतं. कॅसेटच्या काळात ते खरखरीत बुडून गेलं असतं. इथे ते इतकं स्वच्छ होतं की त्या घरी एकदा जाऊन आलेल्या कोणालाही घर ओळखता आलं असतं, आणि घर ओळखलं की माणूस ओळखला.

त्या माणसाचा आवाज आम्ही आधी नुसता जाड करणार होतो. तोही मोह टाळलेला बरा. आवाजाची पट्टी खाली-वर केलेली असेल तर ती उलट फिरवून मूळ आवाजाच्या जवळ जाता येतं. शेवटी त्याचे शब्द जसेच्या तसे एका नटाकडून बोलून घेतले, स्टुडिओत, आणि मूळ खोलीचा एक सेकंदही हवेत जाऊ दिला नाही. त्या खोलीतल्या विजेच्या गुणगुणीचाही मी आता विचार करते. वीजपुरवठ्याची वारंवारता 50 किंवा 60 हर्ट्झच्या आसपास सतत किंचित हलत असते, आणि त्या हलण्यावरून रेकॉर्डिंग कधीचं आहे हे पडताळण्याचं तंत्र न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वापरलं जातं. रेकॉर्डर जितका चांगला, तितकी ही गुणगुणही चांगली येते. परीक्षणात हे 'फायदा' खाली लिहायचं की 'तोटा' खाली, तुम्हीच ठरवा.

मूळ फायलींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण संगीतवाल्यांच्या परीक्षणांत हे येत नाही आणि आमचं सगळं त्यावरच असतं. बातमी गेल्यानंतर समोरचा पहिला आरोप करतो तो "माझं बोलणं तोडलं, जोडलं." तेव्हा अखंड, न छेडलेली फाइल दाखवता आली पाहिजे. अमेरिकी पत्रकार एडवर्ड मरो यांनी 9 मार्च 1954 ला 'सी इट नाऊ' या टीव्ही कार्यक्रमात, लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थींवर भाग केला त्याचा बराचसा भाग मॅकार्थींच्याच चित्रफितींचा होता, त्यांच्याच शब्दांचा. उत्तराला जागाही दिली. 6 एप्रिलला मॅकार्थी त्याच कार्यक्रमात येऊन बोलले. समोरच्याचे शब्द समोरच्याचेच असणं, यापलीकडे आमच्याकडे फारसं शस्त्र नसतं.

इथे या यंत्राने मला दोनदा अडचणीत आणलं. 48 किलोहर्ट्झला, स्टिरिओत, फ्लोटच्या फाइलला तासाला 1.4 जीबीच्या आसपास जागा लागते. साध्या वेव्ह फाइलची कमाल मर्यादा 4 जीबीची, म्हणजे तीन तासांच्या थोडं पुढे यंत्र आपोआप नवी फाइल उघडतं. आवाज तुटत नाही, हे मी टाळ्या वाजवून तपासलंय. पण दोन फायली म्हटल्या की समोरचा वकील विचारतोच, मधे काय होतं? म्हणून मी अडीच तासांनी स्वतःच थांबते, थांबतेय असं बोलून थांबते.

दुसरं जास्त गंभीर. सेल काढून दहा-पंधरा मिनिटं झाली की यंत्राचं घड्याळ तारीख विसरतं आणि निमूटपणे एक जानेवारीवर जाऊन बसतं. चालू करताना "तारीख लावा" असा साधा प्रश्नही पडद्यावर येत नाही. आमच्या वकीलबाई प्रक्षेपणाआधी ओळ न् ओळ तपासतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, "ही मुलाखत तुम्ही एक जानेवारीच्या मध्यरात्री घेतलीत?" सुदैवाने वहीत वेळ होती आणि कॅमेऱ्याचा टाइमकोड होता. तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी तारीख, वेळ, खोलीत कोण कोण आहे आणि रेकॉर्डिंगला समोरच्याची संमती, हे सगळं मोठ्याने बोलून घेते. संध्याकाळी कार्डाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा अक्षरं-आकड्यांचा ठसा, काढून वहीत लिहायचा. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी हॅश बदलतो, त्यामुळे वर्षभराने कोणी बोट दाखवलं तर पडताळून देता येतं. आणि कार्ड पाकिटात बंद. या नखाएवढ्या कार्डांना मोठ्या एसडी कार्डासारखी लिखाण बंद करायची बारीक खिट्टी नसते, म्हणून पाकीटच. कार्ड पुसून परत वापरायचा मोह होतो. करू नका.

वकिलांचा विषय निघालाच आहे तर एक विषयांतर. शिकाऊंना मी नोव्हेंबर 1995 हा महिना अभ्यासायला सांगते. त्या महिन्यात अमेरिकेत 'सिक्स्टी मिनिट्स' या सीबीएस वाहिनीवरच्या वृत्तकार्यक्रमाच्या हातात जेफ्री वायगंड या तंबाखू कंपनीच्या माजी संशोधनप्रमुखाची मुलाखत होती. निर्माते लोवेल बर्गमन, मुलाखत माइक वॉलेस यांची. कंपनीशी झालेल्या गुप्ततेच्या कराराचा भंग घडवून आणल्याचा दावा वाहिनीवर लागेल या भीतीने ती थांबवली गेली, आणि नोव्हेंबरात तिच्याशिवायच भाग दाखवला. पूर्ण मुलाखत गेली ती 4 फेब्रुवारी 1996 ला. त्याच नोव्हेंबरच्या 20 तारखेला बीबीसीच्या 'पॅनोरमा'त मार्टिन बशीर यांनी घेतलेली प्रिन्सेस डायनांची मुलाखत जगभर गाजली. डायनांपर्यंत पोचण्यासाठी बशीर यांनी डायनांच्या भावाला बनावट बँक-कागद दाखवले होते, असा निष्कर्ष लॉर्ड डायसन यांच्या चौकशीने 2021 साली काढला. कागद बनवून देणाऱ्या ग्राफिक डिझायनरने तेव्हाच शंका बोलून दाखवली होती. काम गेलं ते त्याचं. एक खरी टेप कपाटात पडून होती आणि दुसरी, आवाजाला निर्दोष, घराघरांत वाजत होती. दोन्हीकडचे रेकॉर्डर उत्तमच असणार.

असो. बाकीच्या गोष्टी भरभर. सेल दिवसभर सहज जातात, तरी मी लांब मुलाखतीला बाहेरून पॉवरबँक जोडते. पडदा उन्हात दिसत नाही. बटणं टिकटिक वाजतात, चालू रेकॉर्डिंगमध्ये खूण करायचं बटण तर इतकं वाजतं की खूण कुठे केली ते नुसतं ऐकून सापडतं. कॉम्प्युटरला जोडून माइक म्हणून छान चालतो. घरातून निवेदन करायची वेळ आली तेव्हा कपड्यांच्या कपाटात डोकं घालून मी यावरच केलं. व्यावसायिक माइकची जाड जोडणी हवी असेल तर हा तुमच्यासाठी नाही, एक पायरी वरचा घ्या. मोबाइलच पुरेल का, असं बरेच जण विचारतात. पत्रकार परिषदेला पुरेल. पण ज्याच्यावर फोन येऊ शकतो, जो कुठे कुठे गेला याची नोंद ठेवतो आणि जो चौकीवर अडवलं तर पहिला काढून घेतात, त्याच्यावर मी सूत्राचा आवाज ठेवत नाही. रेकॉर्डरला यातलं काहीच जमत नाही, हाच त्याचा मोठेपणा.

दुरुस्तीचं प्रकरण असं: सेलच्या झाकणाची खिट्टी नवव्या महिन्यात तुटली. दिसायला एवढीशी गोष्ट, पण झाकण सैल झालं की सेल हलतात, सेल हलले की यंत्र बंद, आणि तसंच बंद पडून राहिलं की पुन्हा एक जानेवारी. कंपनीला लिहिलं, तर झाकण सुटं मिळत नाही, यंत्र पाठवा, आणि पाठवताना कार्ड आतच ठेवा म्हणजे 'पूर्ण तपासणी' करता येईल. मी तीनदा विचारलं, कार्ड कशासाठी? तीनदा तेच छापील उत्तर आलं. माझं कार्ड कोणाच्या टेबलावर जाणार नाही, हे त्यांना सभ्य भाषेत लिहिलं; चौथ्या पत्रात भाषा तितकी सभ्य राहिली नाही. यंत्र पाठवलं नाही ते नाहीच. एकूण पाचपैकी साडेतीन. झाकण धातूचं असतं आणि घड्याळाला स्वतःचा सेल असता तर साडेचार दिले असते.

दिव्याचं राहिलंच. रेकॉर्डिंग चालू असताना समोर लाल दिवा पेटतो, आणि तो मंद करायची सोय मेनूत नाही. संमती आधीच घेतलेली असते, लपवायचं काही नसतं, पण माणसं त्या दिव्याकडे बघत बोलतात, आणि दिव्याकडे बघून बोललेलं कागद वाचल्यासारखं येतं. म्हणून संमतीचं वाक्य झालं की मी त्याच्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावते, समोरच्याला विचारून, त्याच्यादेखत. झाकणही सध्या त्याच पट्टीने बांधलेलं आहे. रीळ बॅगेत हेडफोनच्या कप्प्यात असतं, म्हणजे पट्टी काढायला हात घातला की आधी हेडफोनच हाताला लागतात.